टायर नेमके कुठे झिजलेत ते आधी बघा, अलाइनमेंट नंतर

एकाच कंपनीचे चार टायर एकाच दिवशी गाडीला बसवले, तरी ते चारही एकाच दिवशी संपत नाहीत. पुढचे आधी जातात. कधी उजवा ठीक असतो आणि डावा गुळगुळीत होतो. कधी बाहेरून नवाकोरा दिसणाऱ्या टायरची आतली कड पार तारा दिसेपर्यंत गेलेली असते आणि मालकाला त्याचा पत्ताच नसतो. या फरकामागे मुख्यतः तीन गोष्टी असतात: हवा, गाडी चालवायची पद्धत आणि चाकांचे कोन (ते जुळवून घेणं म्हणजेच अलाइनमेंट). चौथी सस्पेन्शनची (चाकांचे धक्के झेलणाऱ्या भागांची), तिच्याबद्दल पुढे येईलच.

चप्पल कुठे झिजलीय यावरून माणूस कसा चालतो हे कळतं, तसंच हे आहे. रबर कुठून गेलंय ते पाहिलं की कारण बहुतेक वेळा समजतं. ते न पाहता थेट गाडी मशीनवर चढवायची आणि 'अलाइनमेंट करून टाका' म्हणायचं, ही पद्धत मला पटत नाही. झीज कमी हवेमुळे झालेली असेल तर अलाइनमेंटने काहीच फरक पडत नाही. बुश (सस्पेन्शनच्या सांध्यातलं रबर) तुटलेला असेल तर आज लावलेला कोन आठवड्याभरात पुन्हा हलतो. म्हणून आधी पाहणी करायची, मग निदान आणि दुरुस्ती सर्वांत शेवटी.

पाहणी: अर्धा तास आणि एक डेप्थ गेज

गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा. टायर थंड असू द्या. लागणारं सामान थोडंच आहे: ट्रेडची (टायरवरच्या नक्षीची) खोली मोजणारा छोटा गेज, हवेचा गेज, टॉर्च आणि वही.

पुढच्या टायरची आतली कड सरळ उभ्या गाडीत दिसत नाही. सगळ्यात जास्त नुकसान तिथेच दडलेलं असतं. त्यामुळे स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून एक टायर बघा, मग दुसऱ्या बाजूला वळवून दुसरा. मागची चाकं वळत नाहीत, तिथे मोबाइल गाडीखाली धरून फोटो काढणं सोपं पडतं. कपडे खराब होत नाहीत आणि फोटो पुढच्या वेळी तुलनेला उपयोगी पडतो.

आता मोजा. प्रत्येक टायरवर रुंदीत तीन ठिकाणी खोली घ्यायची: बाहेरच्या कडेजवळच्या खोबणीत, मधल्या खोबणीत आणि आतल्या कडेजवळ. मग गाडी थोडी पुढे घेऊन टायरच्या दुसऱ्या भागावर पुन्हा तेच करा, कारण एखाद्याच जागी झिजलेला टायरही असतो. वहीत साधं लिहून ठेवा. उदाहरणार्थ: 'पुढचा डावा: बाहेर 5.6, मध्ये 5.4, आत 3.1 मिमी'. असे आकडे दिसले की निदान अर्धं झालंच म्हणायचं.

संदर्भासाठी: कारच्या नव्या टायरची खोली साधारण 8 मिमी असते. खोबणीच्या तळाशी अधूनमधून रबराचे छोटे उंचवटे असतात, ती झिजेची खूण. नक्षी झिजून या उंचवट्यांच्या पातळीला आली की 1.6 मिमी उरलं असं समजायचं. बऱ्याच देशांत कायद्याची किमान मर्यादा हीच आहे. म्हणजे वापरायला मिळतं ते 6.4 मिमी. पण ओल्या रस्त्यावर पाणी बाहेर फेकण्याची ताकद त्याच्या बरीच आधी घटू लागते. 3 मिमीच्या खाली गेलेल्या टायरवर पावसात वेगाने जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दोन मोजण्यांमधून झिजेचा वेगही काढता येतो. समजा आज 7.0 मिमी आहे आणि 5,000 किलोमीटरनंतर 6.4 मिमी भरलं. म्हणजे 5,000 ला 0.6. खुणेपर्यंत उरले 4.8 मिमी, म्हणजे आणखी सुमारे 40,000 किलोमीटर. हा अंदाजच, कारण नव्या टायरची उंच नक्षी जास्त हलते आणि सुरुवातीला जरा भरभर झिजते. तरीही 'किती चालेल?' या प्रश्नाला दुकानदाराच्या नजरेपेक्षा हे उत्तर बरं.

मोजून झालं की तळहात फिरवा. आधी एक-दोन बोटांनी अंदाज घ्या, तारा बाहेर आलेल्या असतील तर हात कापतो. मग टायरवर आडवा हात फिरवा, बाहेरून आत आणि आतून बाहेर. त्यानंतर परिघाच्या दिशेने, पुढे आणि मागे. डोळ्यांना न दिसणारे दोन प्रकार हाताला लगेच कळतात.

झीज कशी वाचायची

पहिला प्रश्न: झीज टायरच्या मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना सारखी आहे की एकीकडेच? दोन्हीकडे सारखी असेल तर बहुधा हवा किंवा सवय. एकीकडेच असेल तर कोनांवर संशय घ्यायचा. हा ढोबळ नियम असला तरी बराच उपयोगी आहे.

दोन्ही कडा गेल्या आणि मध्ये नक्षी शाबूत आहे: हवा कमी. कमी हवेत टायरचा मधला भाग आत दबतो आणि वजन कडांवर येतं. याउलट मध्य गेला आणि कडा शाबूत असतील तर हवा जास्त. रेडियल टायरमध्ये नक्षीखाली पोलादी पट्टे असतात, त्यामुळे मधली झीज जुन्या पद्धतीच्या टायरइतकी ठळक दिसत नाही. गेजवर मात्र ती दिसतेच.

पुढच्या दोन्ही टायरच्या फक्त बाहेरच्या कडा गोलसर झाल्यात आणि हवा नियमित तपासली जाते: वळणं वेगात घेतली जातायत. हे थोडं फसवं असतं, कारण जादा टो-इनही (चाकांची पुढची टोकं आत वळलेली असणं) बाहेरची कड खातो. फरक हाताला कळतो. वेगात वळणं घेऊन झिजलेली कड गोल आणि खरबरीत लागते. टोमुळे झिजलेल्या टायरवर नक्षीच्या प्रत्येक पट्टीची एक धार बोथट आणि दुसरी टोकदार असते. हात बाहेरून आत नेताना गुळगुळीत आणि आतून बाहेर आणताना करकरीत लागला तर टो-इन जास्त. उलटं लागलं तर टो-आउट (पुढची टोकं बाहेर).

फक्त आतली कड गेली, तीही सपाट उतार असल्यासारखी: निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकणं) जास्त. आतली कड गेली आणि धारही लागतेय: टो-आउट, किंवा दोन्ही एकत्र. गाडीची उंची कमी करून घेतलेली असेल किंवा स्प्रिंग बसल्या असतील तर हे जोडीनेच येतं, कारण उंची बदलली की कॅम्बर आणि टो दोन्ही हलतात.

परिघाच्या दिशेने हात फिरवताना ठोकळ्यांची एक बाजू उंच आणि दुसरी खाली लागते, जणू करवतीचे दात. हा प्रकार मागच्या चाकांवर जास्त दिसतो आणि त्यातून गाडीत एक घरघर येऊ लागते. ती बेअरिंगची समजून बेअरिंग बदलणारेही असतात. टायर वेळेत फिरवले नाहीत (म्हणजे आपसात जागा बदलल्या नाहीत) किंवा मागचा टो बिघडला की हे वाढतं.

थोड्या थोड्या अंतरावर खोलगट वाट्या पडल्यात: चाक रस्त्यावर उड्या मारतंय. शॉक ॲब्सॉर्बर संपलेत, बॅलन्सिंग (चाकाच्या वजनाचा समतोल) बिघडलंय किंवा बेअरिंगला खेळ (सैलपणा) आलाय. अलाइनमेंटने हे जात नाही, कितीही वेळा केली तरी.

एकाच जागी सपाट डाग: चाक लॉक होईपर्यंत दाबलेला ब्रेक. एबीएस (ब्रेक दाबताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाड्यांत हे क्वचित दिसतं. गाडी महिनोन्‌महिने एकाच जागी उभी राहिली तरी सपाटपणा येतो. तो बऱ्याचदा काही किलोमीटर चालवल्यावर जातो, पण उभं राहणं फार लांबलं तर कायमचाही राहू शकतो.

हवा: सगळ्यात स्वस्त दुरुस्ती

यावर फार लिहायची गरज नाही, तरी दोन-तीन गैरसमज इतके पक्के आहेत की लिहावंच लागतं.

योग्य आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो, काही गाड्यांत इंधनाच्या झाकणामागे. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा त्या टायरची कमाल मर्यादा सांगतो, तुमच्या गाडीसाठीचा दाब तो नव्हे. स्टिकरवर पुढच्या आणि मागच्या चाकांसाठी, शिवाय कमी आणि पूर्ण वजनासाठी वेगळे आकडे असू शकतात. चार माणसं आणि सामान घेऊन लांब जायचं असेल तेव्हा पूर्ण वजनाचा आकडा घ्यायचा.

हवा थंड टायरमध्ये तपासायची, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असावी किंवा फार तर एक-दोन किलोमीटर हळू चाललेली. चालून तापलेल्या टायरमध्ये दाब 3 ते 5 पीएसआयने (पीएसआय म्हणजे दाब मोजायचं एकक) वाढलेला दिसतो. तो बघून हवा काढली तर सकाळी तेच टायर कमी हवेचे असतात. हवामानाचाही परिणाम होतो: तापमान 10 अंशांनी उतरलं की दाब साधारण दीड पीएसआय घटतो. शिवाय रबरातून हवा हळूहळू झिरपत असते. म्हणून महिन्यातून एकदा गेज लावावा, स्टेपनीलासुद्धा.

डॅशबोर्डवरच्या दिव्याच्या भरवशावर राहू नका. अनेक गाड्यांत तो दाब पाव भागाने घटल्यावर लागतो. 33 पीएसआयचा टायर 27 वर असतानाही दिवा शांत राहू शकतो आणि तेवढ्यात कडा झिजत राहतात. नायट्रोजनविषयी विचाराल तर साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो. भरायचा असेल तर भरा, पण त्यामुळे महिन्याची तपासणी चुकवता येत नाही.

चालवण्याच्या सवयी

टायर आणि रस्ता यांचा संबंध प्रत्येक चाकाखाली जेमतेम तळहाताएवढ्या जागेत येतो. गाडी पुढे ढकलणं, थांबवणं, वळवणं ही सगळी कामं त्या चार जागा करतात. पकड मिळायची तर रबराला रस्त्यावर थोडं सरकावंच लागतं, आणि सरकलं की झिजतं. पकडीची मागणी वाढली की झीज त्या मानाने जास्तच वाढते. म्हणून सगळा प्रवास थोडा सांभाळून करण्यापेक्षा त्यातले जोराचे क्षण कमी करणं जास्त फायद्याचं.

वळणं घ्या. वळणात चाकावर येणारं आडवं बळ वेगाच्या वर्गाने वाढतं. जे वळण 40 च्या वेगाने घेता तेच 60 ने घेतलं तर वेग दीडपट, पण आडवं बळ सव्वादोन पट. त्यातही वजन बाहेरच्या बाजूला झुकतं, त्यामुळे बराचसा भार पुढच्या बाहेरच्या टायरच्या बाहेरच्या कडेवर येतो. तुमच्या रोजच्या वाटेवर एकाच दिशेची घट्ट वळणं जास्त असतील, तर त्याच्या उलट बाजूचा टायर आधी झिजणार. डाव्या-उजव्यात थोडा फरक दिसला की लगेच अलाइनमेंटला दोष देऊ नये तो यासाठी.

पद्धत सोपी आहे. वेग वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना कमी करा. वळणात पाय स्थिर ठेवा. स्टिअरिंग सरळ होऊ लागलं की मग ॲक्सिलरेटर द्या. ब्रेक आणि वळण एकाच वेळी मागितलं की पुढच्या टायरवर दुहेरी ओझं पडतं.

ब्रेकचं गणितही वर्गाचंच. 60 वरून थांबण्यापेक्षा 80 वरून थांबताना जिरवायची ऊर्जा पावणेदोन पटींहून थोडी जास्त असते. ब्रेक दाबला की वजन पुढे जातं आणि पुढचे टायर ती ऊर्जा जिरवतात. उपाय ब्रेक हळू दाबणं हा तर आहेच, पण खरा उपाय लवकर बघणं हा आहे. पुढचा सिग्नल लाल दिसतोय, तरी त्याच्यापर्यंत वेग धरून शेवटी ब्रेक मारणारे कितीतरी जण असतात. तिथे पाय आधीच उचलला तर अर्धा वेग आपोआप उतरतो. स्वतःची परीक्षा घ्यायची असेल तर मागच्या सीटवर एक उभी पिशवी ठेवा. रोजच्या फेरीत ती पडत असेल तर टायरनाही तेवढाच धक्का बसतोय.

गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवणं ही पार्किंगमधली सवय. पॉवर स्टिअरिंगमुळे हाताला काही जाणवत नाही, पण खाली तेच तळहाताएवढं रबर जागच्या जागी रस्त्यावर घासलं जातं आणि टाय रॉडच्या (स्टिअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या दांड्याच्या) सांध्यांवरही ताण येतो. गाडी अगदी मुंगीच्या गतीने का होईना, सरकू द्या आणि मग फिरवा.

सुसाट सुरुवात करताना चालवणारी चाकं (ज्यांना इंजिनची ताकद मिळते ती) झिजतात. पुढची चाकं चालवणाऱ्या गाड्यांत तीच चाकं वळवतात, तीच ब्रेकचा मोठा वाटा उचलतात आणि तीच ओढतात. म्हणून तिथे पुढचे टायर मागच्यांच्या आधी जाणं हे नैसर्गिक आहे, बिघाड नव्हे. इलेक्ट्रिक गाडीत यात भर पडते: बॅटरीचं वजन जास्त आणि मोटरचा टॉर्क (चाक फिरवणारी ताकद) पाय ठेवताक्षणी पूर्ण मिळतो. सिग्नल सुटल्यावर सगळ्यांच्या पुढे निघायची हौस अशा गाडीत टायरवरच फिटते.

खड्ड्यांचं थोडं वेगळं आहे. खड्डा दिसला की ब्रेक दाबणं बरोबर, पण चाक खड्ड्यात जाईपर्यंत तो दाबून ठेवणं चूक. ब्रेकमुळे पुढचं सस्पेन्शन आधीच दबलेलं असतं, त्याला धक्का झेलायला जागा उरत नाही आणि सगळा मार रिम, टाय रॉड आणि टायरच्या बाजूवर येतो. वेग आधी उतरवा आणि चाक खड्ड्यात पडण्याआधी ब्रेक सोडा. फुटपाथच्या कडेला टायर घासून गाडी लावणं हाही अलाइनमेंट बिघडवायचा एक शांत मार्ग आहे. शिवाय त्यात बाजूच्या आतले धागे तुटले तर फुगवटा येतो. असा टायर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो.

कोन: टो, कॅम्बर आणि बाकीचे

गाडीकडे वरून पाहिलं तर चाकांची पुढची टोकं एकमेकांकडे आत वळलेली असतात (टो-इन) किंवा बाहेर (टो-आउट). समोरून पाहिलं तर चाकाचा वरचा भाग आत झुकलेला (निगेटिव्ह कॅम्बर) किंवा बाहेर (पॉझिटिव्ह). तिसरा कॅस्टर: चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा मागेपुढे कल. कॅस्टरने टायर फारसा झिजत नाही. तो दोन बाजूंना वेगळा असेल तर गाडी एकीकडे ओढते.

टायरचा खरा शत्रू टो. थोडा हिशोब करून बघू. चाकाचा टो योग्य दिशेपासून फक्त 1 अंशाने चुकलाय असं धरा. चाकाला जायचंय एकीकडे, गाडी त्याला नेतेय दुसरीकडे. प्रत्येक किलोमीटरमागे ते चाक सुमारे साडेसतरा मीटर आडवं ओढलं जातं. चूक 0.1 अंश असेल, जी डोळ्यांना दिसणं शक्यच नाही, तरी किलोमीटरला पावणेदोन मीटर. 10,000 किलोमीटरला साडेसतरा किलोमीटर! रबर वाकून यातला काही भाग सोसतं, पण बाकीचा नक्षीतून वसूल होतो. म्हणूनच टो चुकलेला टायर काही हजार किलोमीटरांत संपू शकतो, तर कॅम्बर तेच काम सावकाश करतो. अनेक गाड्यांमध्ये कंपनीने वळणातल्या पकडीसाठी मुद्दाम थोडा निगेटिव्ह कॅम्बर ठेवलेला असतो. टो बरोबर असेल तर तेवढ्या कॅम्बरने टायरचं फार बिघडत नाही.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. पुढच्या एकाच चाकाचा टाय रॉड वाकला, तरी झीज दोन्ही पुढच्या टायरवर होते. सरळ जाताना पुढची दोन चाकं टोची चूक आपसात वाटून घेतात आणि स्टिअरिंग तिरकं बसतं. म्हणून सरळ रस्त्यावर गाडी सरळ जातेय पण स्टिअरिंग तिरकं आहे, हे लक्षण हलक्यात घेऊ नका. मागच्या चाकांना अशी वाटणी जमत नाही. तिथे एका चाकाचा टो चुकला तर संपूर्ण गाडी किंचित तिरकी चालते; त्या तिरकेपणाच्या कोनाला थ्रस्ट अँगल म्हणतात. फक्त पुढची चाकं मोजणारी अलाइनमेंट हे पकडूच शकत नाही.

अलाइनमेंटला जाण्यापूर्वी

दर वर्षी, किंवा 10,000 ते 15,000 किलोमीटरला, कोन तपासून घ्यावेत. तपासणं आणि बदलणं यात फरक आहे. आकडे मर्यादेत असतील तर कोणी नट हलवायची गरज नाही. याखेरीज मोठा खड्डा किंवा कठडा जोरात लागला, सस्पेन्शन-स्टिअरिंगचा भाग बदलला किंवा स्टिअरिंग तिरकं झालं तर वाट बघू नका.

आधी काही गोष्टी वगळून घ्या. साधारण 80 ते 110 च्या वेगात स्टिअरिंग थरथरतं, इतर वेळी नाही? ते बॅलन्सिंगचं काम आहे. गाडी एका बाजूला ओढते? सर्वप्रथम हवा बघा. मग रस्त्याचा उतार: बहुतेक रस्ते पाणी वाहून जावं म्हणून कडेकडे उतरते असतात, त्यामुळे किंचित ओढ साहजिक आहे. मग पुढचे दोन टायर डावी-उजवीकडे बदलून बघा. ओढण्याची दिशा उलटली तर दोष टायरच्या आतल्या रचनेत आहे, कोनात नाही. एकाच दिशेने फिरणारे टायर असतील तर बाजू न बदलता पुढचे मागे करून हीच परीक्षा घ्यायची. थोडं चालवल्यावर एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापत असेल तर ब्रेक अडकतोय का ते बघायला सांगा.

नंतर खेळ तपासा. गाडी जॅकवर घेऊन, स्टँडचा आधार देऊन (नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका) चाक घड्याळातल्या 3 आणि 9 च्या जागी धरून हलवा. खटखट जाणवली तर टाय रॉड एंडकडे बोट जातं. 12 आणि 6 च्या जागी धरून खेळ जाणवला तर बॉल जॉइंट (चाकाला सस्पेन्शनशी जोडणारा सांधा) किंवा बेअरिंग. हे भाग सैल असताना केलेली अलाइनमेंट मशीनवर हिरवी (म्हणजे मर्यादेत) दिसते आणि पहिल्या गतिरोधकावर बिघडते.

मशीनवर काय बघायचं

चारही चाकांची अलाइनमेंट मागा. गाडीतलं जड सामान काढून ठेवा, कारण वजनाने उंची बदलते. मशीनवर चढवल्यावर हवा सारखी केली का ते बघा. ज्या मशीनवर चाकांना सेन्सर किंवा प्लेट अडकवतात, तिथे बहुतेकदा गाडी थोडी मागेपुढे सरकवतात किंवा चाक फिरवतात. रिमच्या वाकडेपणाचा परिणाम आकड्यांतून वगळण्यासाठी ते असतं. घाईत ही पायरी गाळली तर पुढचं सगळं चुकीच्या पायावर उभं राहतं.

गाडीचं मॉडेल आणि वर्ष बरोबर निवडलंय का ते पडद्यावर स्वतः वाचा. चुकीच्या मॉडेलचे हिरवे आकडे काय कामाचे?

क्रमही महत्त्वाचा. आधी मागची चाकं, मग पुढचा कॅस्टर आणि कॅम्बर, आणि टो सर्वांत शेवटी. कॅम्बर बदलला की टो बदलतोच, त्यामुळे उलट क्रमाने केलेलं काम वाया जातं. पुढचा टो लावताना स्टिअरिंग सरळ धरून लॉक केलेलं असलं पाहिजे. अनेक साध्या गाड्यांत पुढचा कॅम्बर आणि मागचे कोन फिरवायची सोयच नसते. त्यासाठी वेगळे बोल्ट किंवा पातळ पट्ट्या घालाव्या लागतात. त्यामुळे 'मागचं ॲडजस्ट होत नाही' हे उत्तर खरं असू शकतं. पण कोन मर्यादेबाहेर असेल तर काहीतरी वाकलंय, आणि ते शोधायला हवं.

काम सुरू करण्याआधीचा आणि नंतरचा, दोन्ही रिपोर्ट छापून घ्या. वाचताना एक खाच लक्षात ठेवा: काही मशीन अंश-मिनिटांत दाखवतात, काही दशांशात. 60 मिनिटं म्हणजे 1 अंश. त्यामुळे 0 अंश 10 मिनिटं म्हणजे 0.17 अंश, 0.10 नव्हे. आकडा हिरवा असला तरी तो मर्यादेच्या अगदी काठावर आहे का ते बघा. डाव्या-उजव्या कॅम्बरमध्ये मोठा फरक असेल तर दोन्ही हिरवे असूनही गाडी ओढू शकते. आधीचा रिपोर्ट वहीतल्या झिजेशी जुळवून पाहा. आतली कड गेली होती आणि रिपोर्टमध्ये टो-आउट लाल होता, तर कारण सापडलं. झीज एक सांगते आणि रिपोर्ट दुसरंच, तर अजून काहीतरी बाकी आहे.

अनेक नव्या गाड्यांत अलाइनमेंटनंतर स्टिअरिंग अँगल सेन्सर शून्यावर आणावा लागतो, नाहीतर स्थिरता सांभाळणारी यंत्रणा इशारा देऊ लागते. निघण्याआधी सरळ रस्त्यावर एक चक्कर मारा.

टायर फिरवणं

दर 8,000 ते 10,000 किलोमीटरला टायरच्या जागा बदला. पुढची चाकं चालवणाऱ्या गाडीत पुढचे टायर त्याच बाजूला सरळ मागे जातात, आणि मागचे पुढे येताना डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. मागची चाकं चालवणाऱ्या गाडीत उलट: मागचे सरळ पुढे, पुढचे फुलीसारखे मागे. बाजूवर बाण असलेले टायर एकाच दिशेने फिरायला बनवलेले असतात, ते त्याच बाजूला पुढचे मागे करा. पुढे-मागे वेगळ्या मापाचे टायर असतील तर ही सोय नाही. फिरवल्यावर हवा नव्या जागेप्रमाणे करा आणि 50 ते 100 किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून बघा.

फिरवल्याने झीज वाटली जाते, थांबत नाही. टो बिघडलेल्या गाडीचे टायर फिरवत राहिलात तर एकाऐवजी चारही टायर वाया जातात.

दुरुस्तीनंतर, आणि नवे टायर घालताना

अलाइनमेंट झाली तरी एकदा करवतीसारखा झालेला टायर लगेच शांत होत नाही. आवाज काही काळ राहतो. 2,000 किलोमीटरनंतर पुन्हा तिन्ही ठिकाणी खोली मोजा. आतल्या आणि मधल्या आकड्यातला फरक तेवढाच राहिला असेल तर काम झालं. वाढला असेल तर जुना रिपोर्ट घेऊन परत जा.

दोनच टायर घ्यायचे असतील तर नवी जोडी मागे बसवा, गाडी कुठल्याही चाकांवर चालत असली तरी. ओल्या रस्त्यावर मागची पकड आधी सुटली तर गाडी गरकन फिरते, आणि ती सावरणं पुढची पकड सुटल्यापेक्षा फार कठीण असतं. घेताना बाजूवरचे शेवटचे चार अंक वाचा: 2323 म्हणजे 2023 सालचा 23 वा आठवडा. नक्षी भरपूर असली तरी वयाने रबर कडक होतं. पाच-सहा वर्षांनंतर टायर दर वर्षी तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर वापरू नये.

आणि जुने टायर दुकानात सोडून येण्याआधी ते चाकावरून उतरलेले असताना त्यांच्या आतल्या कडा एकदा नीट बघून घ्या. इतक्या उजेडात त्या पुन्हा दिसणार नाहीत. एखादी कड खाल्लेली असेल तर नवे टायर घेऊन गाडी आधी अलाइनमेंटला न्या, मग घरी.